आत्याची पाठ धरणाकडे

(सुरुवातीला नुसता पाऊस. मग निखाऱ्यावर दाणे तडतडल्याचा आवाज. मग हॉर्न, भरपूर हॉर्न.)

जुलैमधला रविवार, दुपारचे साडेचार. तुम्ही पुण्यात राहत असाल तर हा रस्ता कुठला ते सांगायलाच नको, कारण या लायनीत कुठेतरी तुमची पण गाडी असणार. सिंहगड रोडला नांदेड फाट्यापासून सगळं तुंबलेलं, किरकटवाडीपाशी लोक खाली उतरून पुढे काय झालंय ते बघतायत आणि पुढे काहीच झालेलं नाहीये, पुढे आपल्यासारखेच अजून लोक आहेत. मागच्या सीटवर आजी, आजीच्या मांडीवर डबा, डब्यात थालीपीठं, आणि "तिथे भजी खायचीच आहेत तर डबा कशाला" यावरून घरातून निघतानाच एक भांडण होऊन गेलेलं. समुद्र दीडशे किलोमीटर लांब असताना धरणाच्या काठाला चौपाटी म्हणायचं धाडस आपलंच. खडकवासला चौपाटी.

आणि ही माझी आत्या. निळ्या प्लास्टिकखाली बसलीये ती, हातात पुठ्ठ्याचा पंखा.

आता फ्रेम जरा नीट बघा हां. सगळी माणसं पाण्याकडे तोंड करून उभी आहेत, फोटो चाललेत, छत्र्या उलट्या होतायत, पोरांना कठड्यावरून खाली ओढणं चाललंय, आणि एकटी आत्या रस्त्याकडे बघतीये. गिऱ्हाईक रस्त्याने येतं ना. म्हणून भट्टी रस्त्याकडे, आत्या रस्त्याकडे, आणि एवढं मोठं धरण तिच्या पाठीमागे. हे शूटिंग करेपर्यंत माझ्या पण कधी लक्षात आलं नव्हतं, लहानपणापासून इथे येतीये तरी.

आत्या मूळची नारायण पेठेतली. लग्न होऊन खडकवासला गावात आली तेव्हा पेठेतल्या बायका म्हणाल्या, मजा आहे बाई तुझी, रोज पिकनिक. आत्या हे अजून सांगते आणि सांगताना कणीस जरा जोरात आपटते.

पिकनिकची तयारी पहाटे होते. आतोबा साडेतीनला उठून मार्केट यार्डात जातात, कणसाची पोती टेम्पोत टाकून उजाडायच्या आत परत. मग पडवीत बसून निवड. कणसाचे केस तपकिरी झालेले पण पाला अजून हिरवागार, असं बघून घ्यायचं. फार कवळं असेल तर भाजताना दाणा बसतो, जून असेल तर गिऱ्हाईक परत आणून दाखवतं, अर्धं खाऊन झाल्यावर. आत्याने हे सगळं सासूबाईंकडून शिकून घेतलं, पण गिऱ्हाइकाशी बोलायची कला मात्र माहेरची. एक काका आले, म्हणाले, "कोवळं द्या पण दाणे भरलेले हवेत, जास्त भाजू नका पण कच्चं पण नको, आणि लिंबू तुम्ही लावू नका, मी लावतो." आत्या म्हणाली, "मग तुम्ही इकडे बसा, मी गाडीत जाऊन बसते." काकांनी दोन कणसं जास्त घेतली. पेठेतलं माणूस पेठेतल्या माणसाला बरोबर ओळखतं.

पावसाचं गणित आतोबांनी सांगितलं ते मला फार आवडलं. आपल्याला वाटतं जेवढा पाऊस तेवढा धंदा. तसं नाहीये. धो धो आला की लोक गाडीतच बसतात, काचा वर, आणि आतून हॉर्न वाजवून कणीस मागतात. पाऊसच नसला तर कोणी येतच नाही. ते म्हणाले, "भुरभुर पाहिजे. पिशवीतनं रुमाल काढावा का नको असं वाटंल एवढाच." आणि फार झाला तर वेगळीच भानगड, धरणातून पाणी सोडतात, काठावर यायला बंदी लागते, पोलिसांची गाडी उभी राहते, मग आणलेली पोती घरी परत. तेव्हा चार दिवस घरात सकाळ-संध्याकाळ कणसाचा किस, कणसाची उसळ, कणसाची भजी. माझे आतेभाऊ कणसाला हातसुद्धा लावत नाहीत, त्याचं कारण हे.

(इथे धरणाची भिंत, लांबून. मग जवळून दगड.)

आता थोडं या भिंतीबद्दल, कारण चौपाटीवर आलेल्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसतं, मला पण नव्हतं. ही दगडी भिंत 1879 च्या सुमाराची. कर्नल फाइफ नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीत झाली म्हणून साहेबाच्या कागदात तलावाचं नाव लेक फाइफ. पुढे 1903 मध्ये विश्वेश्वरय्यांनी डिझाइन केलेले आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते याच धरणावर, म्हणजे पाणी ठराविक पातळीच्या वर चढलं की दरवाजा आपला आपणच उघडायचा, तिथे माणूस उभा करायची गरज नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही.

आणि दुसरं म्हणजे चार धरणं मिळून जी साखळी म्हणतात त्यात सगळ्यात लहान हे. पेपरमधले आकडे बघा, वरसगाव 12.82 टीएमसी, पानशेत 10.65, टेमघर 3.71, आणि खडकवासला फक्त 1.97. (1 टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर, पुण्यात हे शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं.) पण वरच्या तिन्ही धरणांचं पाणी येणार ते इथेच आणि पुण्याला जाणार ते इथूनच, कालवा पण इथूनच निघतो. त्यामुळे भर एप्रिलमध्ये वरची धरणं खाली खाली जात असतात तरी इथे पाणी दिसतं, वरून सोडतात म्हणून. एकत्र कुटुंबात असतं ना तसं, सगळ्यात धाकटी सून, तिच्या नावावर काही नाही, पण घरातलं सगळं येणं-जाणं तिच्या हातून. हे मी आत्याला ऐकवलं. ती म्हणाली, हो, आणि भरलं की दार उघडायचं पण तिनेच.

12 जुलै 1961 ला तेच झालं. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून पण झालं नव्हतं, आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून रचून ते धरून ठेवलं होतं, सकाळी फुटलं. तो सगळा लोंढा खडकवासल्याच्या या जुन्या भिंतीवर आला, ती काही तास टिकली आणि दुपारी ती पण फुटली, गेलेला भाग नंतर परत बांधला. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, तेव्हा नवी नवरी, नारायण पेठेत. तिच्या तोंडून ऐकलेलं एवढंच की स्वयंपाक झाला होता आणि कोणीतरी गल्लीतून ओरडत गेलं, पाणी आलं, पळा. अंगावरच्या साडीनिशी पर्वतीकडे. दोन दिवसांनी परत आले तर पितळी डबे चिखलात उभे आणि पिठाच्या डब्यात चिखल भरलेला, पण झाकण तसंच घट्ट लागलेलं. हे झाकणाचं कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही. खडकवासल्याचं धरण गेलं तसं नळाचं पाणी पण गेलं, वाड्यावाड्यातल्या आडांवर परत पोहरे पडायला लागले. ज्यांची घरंच गेली त्यांच्यासाठी गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या. आमच्याकडे अजून वय मोजताना "पानशेतच्या आधीचा का नंतरचा" असं विचारतात.

आणि अशा घरातली मुलगी धरणाच्या गावात दिली, यावर आजी म्हणे लग्नाआधी आठ दिवस बोलत नव्हती.

पाणी किती सोडलं ते पेपरात येतं त्याला आम्ही क्युसेक म्हणतो, सेकंदाला एक घनफूट. पुण्यातलं कुटुंब हा आकडा ऐकून एकच प्रश्न विचारतं, नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला का. 25 जुलै 2024 ला हा आकडा 35 हजारांवर गेला तेव्हा भिडे पुलाचं कोणी विचारलं नाही, सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांच्या खालच्या मजल्यांत पाणी शिरलं होतं, लष्कराला बोलवावं लागलं. त्या दिवशी आत्या सकाळपासून आम्हाला फोन करत होती, आम्ही खालच्या अंगाला राहतो ना. धरणाशेजारी ती, आणि काळजी तिला आमची. नदी उलटी वाहत नाही, काळजी मात्र वाहते.

बरं, हे झालं पावसाळ्याचं. मग या लोकांची स्वतःची सहल कधी असते? हे विचारायलाच मी खरं तर कॅमेरा घेऊन गेले होते.

उन्हाळा पटकन सांगते. लहानपणी मे महिना आम्ही सगळी भावंडं आत्याकडे, गच्चीवर गाद्या, रात्री पलीकडे एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, दिवे पाण्यात हलताना दिसायचे, आणि पाण्यात उतरायचं नाही हा कायदा. आतोबा एकदाच ओरडले होते माझ्यावर, घोट्याएवढ्या पाण्यात उभी होते म्हणून. काठाला गाळ असतो, पाय रुततो, आणि पुढच्या पावलाला जमीन असेलच असं नाही, वरून काही कळत नाही. दर वर्षी कोणीतरी पोहायला येतं आणि गावातल्याच पोरांना शोधायला उतरावं लागतं. आतोबा हे सांगताना कॅमेरा बंद कर म्हणाले, म्हणून तेवढं नाहीये यात.

थंडीत शनिवार-रविवारी सिंहगडवाले. पन्नास नंबरची बस पहाटे गच्च भरून जाते, आतकरवाडीतून गड चढणारे वेगळे, गाडीने घाटातून जाणारे वेगळे, दोघंही वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाणार आणि उतरताना इथे थांबून चहा घेणार. धुक्यात पाण्यावर चक्रवाक येतात, केशरी रंगाचे, जोडीने. कॅमेऱ्याला भल्यामोठ्या लेन्स लावलेले लोक त्यांच्यासाठी तासन् तास बसतात. आत्या त्यांना चहा नेऊन देते. पक्षी बघितलास का विचारलं तर म्हणाली, ते तांबडं बदक ना, रोज ओरडतं.

तर सहल. आत्याची सहल म्हणजे तुळशीबाग.

हसू नका. गणपतीत अख्खं पुणं पेठेत असतं, चौपाटीवर दुपारी कुत्रं नसतं, म्हणून गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी आत्या, तिची जाऊ, सून, सगळ्या बसने पुण्यात. खरं तर 2021 मध्ये गाव महापालिकेत गेलंय, पत्ता आता पुण्याचाच आहे, तरी आत्या "पुण्याला जाऊन येते" असंच म्हणते. कसबा गणपतीला नमस्कार, मग दगडूशेठची गर्दी लांबूनच, मग तुळशीबागेत चमचे, पिना, देवाची भांडी आणि एका स्टीलच्या डब्यावरून अर्धा तास घासाघीस. मी बरोबर गेले होते शूटिंगला. जी बाई वर्षभर गिऱ्हाइकांना एक रुपया सोडत नाही ती इथे पलीकडच्या बाजूला उभी राहून म्हणत होती, "अहो एवढं काय त्यात, लावा की नीट." डबा घेतला नाही शेवटी. पुढच्या वर्षी म्हणाली. मंडईपाशी भेळ खाल्ली, आणि कोपऱ्यावर एक बाई कणसं भाजत होती तिथे आत्या थांबली, निखारे बघितले, म्हणाली कोळसा ओला आहे हिचा, आणि दोन कणसं विकत घेतली. सगळ्यांनी खाल्ली. आतेभावाने पण.

आणि एक रात्र असते. कोजागिरीची.

(आवाज बदलतो. हॉर्न नाहीत. लांबून एखादी दुचाकी.)

पाऊस संपलेला असतो, धरण काठोकाठ, चौपाटीवरचे हौशी लोक साडेनऊ-दहाला पांगतात. मग आतोबा भट्टी उलटीकडे सरकवतात, वर्षातून एकदाच, आणि तिच्यावर दुधाचं पातेलं. बदाम, वेलदोडा, केशर चिमूटभर, साखर आतोबांच्या हाताने म्हणजे जास्त. जावा, सुना, पोरं, सतरंज्या, दोन घडीच्या खुर्च्या. पलीकडच्या काठाला एनडीएचे दिवे आहेत तसेच आहेत, मधे चंद्र, तो कॅमेऱ्यात नेहमीच वाईट येतो, इथे पण वाईटच आलाय, चालवून घ्या.

हा शॉट मी कापला नाहीये, जरा लांब आहे. दूध उकळतंय, सगळे गप्पा मारतायत, आत्या पदराला हात पुसत येते आणि खुर्चीवर बसते. रस्त्याकडे तोंड करून. एक गाडी जाते, ती मान वळवून तिच्याकडे बघते. अजून एक जाते.

मग धाकटा आतेभाऊ उठतो, काही बोलत नाही, आईसकट खुर्ची उचलून फिरवतो. आत्या ओरडते, "अरे पडेन ना मी, मेल्या." सगळे हसतात. मग ती बसते तशीच, दुधाचा पेला दोन्ही हातात धरून.

थोड्या वेळाने म्हणाली, "भरलंय की बरंच."