साठी बुद्धी नाठी? आधी तपासून तर बघूया

घरातल्या बाप्याला बँकेत सही जमेनाशी झाली की दुसऱ्या दिवशी मुलगा त्याला गाडीवर बसवून बेळगावला दाखवायला नेतो. आईनं आमटीत दोनदा मीठ घातलं तर सून गुपचूप पाणी वाढवते आणि विषय तिथंच मिटतो. फार तर कुणी म्हणतं, साठी बुद्धी नाठी. ही म्हण बायकांच्या बाबतीत आपण जरा जास्तच सढळपणे वापरतो.

आपल्या देशात साठीपुढच्या माणसांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासातून निघाला. पुरुषांपेक्षा बायकांत ते जास्त आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. बायका जास्त जगतात हे एक कारण. दुसरं कारण इथल्या आज्यांना सांगायला नको. त्यांची शाळा चौथीत सुटली, नाहीतर सुरूच झाली नाही. कमी शिक्षण हा या आजाराचा धोका वाढवणारा घटक आहे, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय.

मग निदान कसं करायचं? 'आज तारीख किती?' असं विचारलं तर तिथी अचूक सांगणारी बाईही नापास होईल. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी निरक्षरांसाठी वेगळी चाचणी बसवली. 'हे वाक्य वाचा आणि तसं करा' असं म्हणण्याऐवजी तपासणाऱ्यानं 'माझ्या तोंडाकडं बघा आणि मी करतो तसं करा' असं म्हणून स्वतः डोळे मिटायचे. एवढं साधं! पुढं आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत चाचण्यांचा संच तयार केला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. सीमाप्रश्नावर बोलायला मी उभी नाही, पण बाजारात कन्नड बोलणाऱ्या निपाणी-खानापूरच्या बाईची आठवण तपासायची तर माहेरच्या भाषेतही विचारायला हवं.

अशा दोन-दोन भाषा बोलण्याबद्दल एक आनंदाची गोष्ट. हैदराबादला ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. यावर सगळ्या संशोधकांचं एकमत नाही. तरी भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करून घरी मराठीत हिशेब सांगणाऱ्या बाईनं मान ताठ ठेवायला हरकत नाही.

बाकीचं आपल्या हातात बरंच आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगानं २०२४ साली धोका वाढवणारी चौदा कारणं मोजली आणि ती सांभाळली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असं सांगितलं. रक्तदाब, साखर, उदासपणा, एकटेपणा, प्रदूषित हवा ही त्यातली काही. 'आता बरं वाटतंय' म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणाऱ्या बायका मला दर आठवड्याला भेटतात. बरं वाटतंय ते गोळीमुळंच, बाई! आणि मिश्री दातांना चांगली असं अजूनही ऐकते. तो तंबाखूच आहे. चुलीचा धूरही तसाच सोसायचा नाही.

विसरणं वाढलं की थेट मोठ्या आजारावर उडी मारू नका. थायरॉईड कमी पडणं, बी-बारा कमी असणं, मनाची मरगळ यांतही विसरायला होतं, आणि हे उपचारानं सुधारू शकतं. डॉक्टरकडं जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. सोबत तिच्याजवळ राहणारं माणूस हवं. बंगळूरहून सणाला आलेला मुलगा 'आई एकदम ठणठणीत आहे' असंच सांगणार. रोजचं मीठ सुनेला ठाऊक असतं, तिलाच बोलू द्या.

कान राहिले. ऐकू कमी येणं हेही त्या चौदांत आहे, आणि श्रवणयंत्र लावायला लाजणाऱ्या बायका या सभागृहातच बऱ्याच असतील. मागच्या रांगेतल्या मावशी, तुम्ही पुढं येऊन बसा, आता प्रश्नोत्तरं आहेत.