पाचवं माणूस कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र शिकणारी पदवीची मुलं हल्ली प्रश्नावली घेऊन लोकांच्या दारात जातात, मुलाखती घेतात, रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द उतरवून काढतात. मला हे फार मोलाचं वाटतं. का वाटतं, त्यासाठी माझ्या दुसऱ्या वर्षातली एक हकिकत सांगते. एका आकड्याची हकिकत आहे. आकडा पाच.

आमच्या मॅडमचं कुटुंबांच्या उत्पन्न-खर्चाचं सर्वेक्षण चाललं होतं. आम्ही सहा विद्यार्थी मदतीला होतो. प्रश्नावलीत चौथा प्रश्न सगळ्यात सोपा: "या घरात किती माणसं राहतात?" यात काय विचारायचं आणि काय चुकायचं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं होतं.

पहिल्या दिवशी, तिसऱ्या घरी एक काकू भेटल्या. चौथा प्रश्न विचारला. "पाच," म्हणाल्या. मग प्रत्येकाचं वय आणि नातं लिहायचं होतं. त्या स्वतः, यजमान, सासूबाई, मोठी मुलगी. चार झाले. म्हटलं, "आणि पाचवं?"

"धाकटा. नोकरीला बाहेर असतो."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील आता."

आम्हाला नियम पढवलेला होता. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर असलेलं माणूस धरायचं नाही. मी पाच खोडलं आणि चार लिहिलं. काकू समोर बसल्या होत्या, पण उलटा कागद त्यांना बरोबर वाचता येत होता.

"चार का केलंस गं?"

मी नियम सांगितला. त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "घर त्याच्या पैशावर चालतं. ते पैसे तू पुढच्या पानावर लिहून घेणार. मग पैसे धरायचे आणि पैसे पाठवणारा नाही धरायचा?"

मला उत्तर देता येईना. चार खोडून पुन्हा पाच लिहिलं आणि समासात, उभ्या ओळीत, त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

संध्याकाळी मॅडम कागद तपासायला बसल्या. माझ्या कागदावर थांबल्या. "ही खाडाखोड कसली?" मी घडलं ते सांगितलं. त्यांनी समासातलं वाक्य दोनदा वाचलं आणि सगळ्यांना आपापले गठ्ठे काढायला लावले. नोकरीला गेलेली मुलं, शिकायला गेलेल्या मुली, महिन्यातून चार दिवस घरी येणारे वडील अशी माणसं प्रत्येकाच्या गठ्ठ्यात निघाली. कुणी ती धरली होती, कुणी सोडली होती. प्रश्न एकच होता, पण आम्ही सहा जणांनी तो आपापल्या समजुतीने भरला होता.

दुसऱ्या दिवशी चौथ्या प्रश्नाचे दोन प्रश्न झाले. काल रात्री या घरात कोण झोपलं? आणि या घरचं माणूस कोण? नीट ऐका हं, कारण पुढचं सगळं यावर आहे: घरात झोपलं कोण, आणि घरचं कोण.

मी पुन्हा काकूंकडे गेले. "काल रात्री इथे कोण कोण झोपलं?"

"आम्ही चौघं. आणि वरच्या खोलीतली मुलगी."

"कोण मुलगी?"

"शिकायला राहते. वर्ष होऊन गेलं."

"मागच्या वेळी सांगितलं नाहीत, काकू?"

"तू घरातली माणसं विचारलीस. ती भाडेकरू आहे."

मोजले. पाच. मग दुसरा प्रश्न. या घरची माणसं कोण? ते चौघं आणि धाकटा. पुन्हा पाच.

श्रोतेहो, दोन्ही उत्तरं पाच. पण पाचवं माणूस दोन्हीकडे वेगळं! आणि नियमावर बोट ठेवून मी जे चार लिहिणार होते, ते कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

पुढे अभ्यासक्रमात हेच भेटलं. जनगणनेत माणसं मोजायच्या दोन रीती असतात. मोजणीच्या वेळी माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा, किंवा त्याच्या नेहमीच्या राहत्या जागी मोजायचा. 1984 पासून अनेक देशांत लोकसंख्या आणि आरोग्याची जी सर्वेक्षणं होत आली आहेत, त्यांत घरातल्या प्रत्येकाविषयी दोन्ही गोष्टी विचारतात: नेहमी इथे राहतात का, आणि काल रात्री इथे होते का. पुस्तकात हा भाग अर्ध्या पानाचा आहे. माझ्या वर्गमित्रांनी तो पाठ केला. मला तो पाठ करावा लागला नाही.

आता टॅबवर प्रश्नावली भरतात. आकडेमोड लवकर होते, मान्य आहे. पण टॅबला समास नसतो. चौकटीत आकडा बसला की पुढचा प्रश्न समोर येतो आणि काकूंचं वाक्य लिहायला जागाच राहत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सोबत साधी वही ठेवायला लावते आणि त्याच संध्याकाळी टिपणं पुरी करायला लावते. रात्र गेली की वाक्य आपल्या भाषेत बदलून जातं.

आणखी एक मनातलं बोलते. काही ठिकाणी या मुलांना फुकटचे हात म्हणून वापरलं जातं. दारोदार फिरणार ती, आणि अहवालात त्यांचं नावही नाही. हे चूक आहे. प्रश्न तयार होताना मुलं खोलीत असली पाहिजेत आणि निष्कर्ष निघतानाही असली पाहिजेत.

मुलांना श्रेय द्यायचं, तसं ज्यांच्याकडून माहिती घेतो त्यांनाही काही द्यायला हवं. त्यावरून एक गोष्ट सांगते. 1931-32 साली ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात बेकारीचा अभ्यास झाला. कापडगिरणी बंद पडलेली, गावात 478 कुटुंबं. अभ्यास करणाऱ्या चमूतल्या मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या. त्या चमूने हातात घड्याळ धरून रस्त्यावरच्या लोकांची चालही मोजली. पुरुष जागोजागी थांबत, बायका लगबगीने जात, कारण घरचं काम त्यांना होतंच. पण मला जास्त भावतो तो त्यांचा नियम: नुसतं बघायला कुणी गावात राहायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. कुणी कपडे वाटले, कुणी कपडे बेतणं शिकवलं, डॉक्टरांनी रुग्ण तपासले.

संमती घेणं, नाव गुप्त ठेवणं, नको असेल तर उत्तर न देण्याची मोकळीक देणं, हे तुम्हाला तुमचे शिक्षक सांगतीलच. मी एवढंच सांगते की खरी प्रश्नावली छापण्याआधी ती दहा घरी विचारून बघा, आणि सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न सगळ्यात आधी तपासा. "घर", "काम", "राहणं", असे शब्द ज्या प्रश्नात आहेत तो प्रश्न तपासा. आमचा चौथा प्रश्न आम्ही तपासला नव्हता.

या आठवड्यात कुणी पहिल्यांदाच कागद घेऊन निघणार असेल, तर उजव्या बाजूला चार बोटं जागा कोरी सोडा.

नमस्कार.