ससा १२ फुटांवर

(दृश्य : मोठी रिकामी खोली. एका टोकाला लहान मुलाची उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला जाळीचा पिंजरा.)

पीटर नावाचा एक मुलगा. वय जेमतेम तीन. ससा दिसला की त्याचा थरकाप उडायचा. फरचा कोट, पिसं, कापूस यांचाही त्याने धसका घेतलेला. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्यासोबत जे काम केलं, त्याची हकिगत १९२४ साली छापून आली.

बाईंनी आधी पीटरला सशाला न भिणाऱ्या मुलांमध्ये खेळायला सोडलं. त्याची भीड चेपत चालली होती. तेवढ्यात तो तापाने आजारी पडला, रुग्णालयात राहिला, आणि तिथून निघताना एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवलं. झालं, भीती पुन्हा मूळपदावर. मग बाईंनी दुसरी वाट धरली. पीटर खुर्चीत बसून आवडीचं काही खात असताना पिंजरा खोलीत आणायचा, पण त्याच्या खाण्यात विघ्न येणार नाही इतक्या लांब. दर वेळी जरासा जवळ. नोंदींमध्ये अंतरंसुद्धा आहेत : १२ फूट, ४ फूट, ३ फूट. अखेरीस ससा पीटरची बोटं कुरतडत होता आणि पीटर त्याला ती कुरतडू देत होता.

मोठ्या माणसांचे ससे वेगळे असतात. न उचललेला फोन, न उघडलेला तपासणीचा रिपोर्ट, चार लोकांत बोलायची वेळ. कधी तर समोर काहीच नसतं आणि तरी जिवाची घालमेल थांबत नाही. ही घालमेल आपल्या रोजच्या दिवसात कशी आटोक्यात ठेवायची, त्याबद्दल ही फिल्म आहे. ती कायमची घालवायच्या मागे लागू नका, एवढं मी सुरुवातीलाच सांगते. तिच्यासकट आपली कामं करता येऊ लागली की ती हळूहळू आपोआप उतरते.

(दृश्य : मनगटावर टेकलेली दोन बोटं, जवळून.)

आधी शरीराकडे बघू. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली मांडलं की धोका जाणवला की शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं. हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार पडतात. पचन मंदावतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि तोंडाला कोरड पडते. यातली एकही गोष्ट बिघाड नाही. मात्र धडधड सुरू झाली की माणूस त्या धडधडीलाच घाबरतो, आणि ती आणखी वाढते. पॅनिक अटॅकमध्ये नेमकं हेच होतं. बहुतेक वेळा तो काही मिनिटांतच, साधारण १० मिनिटांच्या आत, टोकाला पोचतो आणि मग ओसरायला लागतो. तो ओसरतो, हे आधीपासून ठाऊक असणं फार मोठा आधार असतो. छातीत दुखण्याची पहिलीच वेळ असेल, तर मात्र चिंतेवर ढकलून मोकळं होऊ नका, ताबडतोब तपासून घ्या.

"खोल श्वास घे" हा सल्ला सगळे देतात, आणि तो अर्धवट आहे. घाबरलेला माणूस तो ऐकून हवा आत ओढत राहतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि बिचाऱ्याला वाटतं आता चक्कर येऊन पडणार. काम करतो तो बाहेर जाणारा श्वास. मनगटावर नाडी शोधा आणि नुसतं लक्ष द्या. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते, सोडताना किंचित संथ. मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू श्वास सोडताना हृदयाला लगाम घालतो. म्हणून श्वास सोडायला जास्त वेळ द्यायचा. मनात ४ अंक मोजत नाकाने आत, ६ अंक मोजत बाहेर. छाती फुगवायची नाही, पोटावर ठेवलेला हात वरखाली झाला की पुरे. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, या पद्धतीने ते ६ वर येतात. पाचेक मिनिटं करा, आणि कृपा करून मन शांत असताना करा. ऐन घबराटीत नवी गोष्ट शिकता येत नाही, अंगवळणी पडलेली तेवढी आठवते.

आवळून धरलेला जबडा, कानाला टेकलेले खांदे, मिटलेल्या मुठी, यांच्यासाठी एडमंड जेकबसन या डॉक्टरांची पद्धत शंभर वर्षं वापरात आहे. एक स्नायू काही सेकंद घट्ट आवळायचा, मग एकदम सोडायचा आणि सैल पडणं म्हणजे काय ते नीट जाणवू द्यायचं. झोपण्यापूर्वी पायापासून चेहऱ्यापर्यंत एक फेरी पुरते.

(दृश्य : टेबलावर कोरा कागद, पेन, शेजारी घड्याळ.)

आता डोक्यात फिरणारी चक्रं. "त्याचा विचारच करू नकोस" असं म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण उपाय उलटा पडतो. १९८७ साली डॅनियल वेगनर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की पुढची ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच मनात तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर, ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल जास्तच आलं.

मग करायचं काय? काळजीला वेळ नेमून द्यायचा. थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने १९८३ साली ही युक्ती तपासली होती. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. दिवसभरात काळजी डोकावली की दोन शब्दांत टिपून ठेवायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरलेल्या वेळी कागद समोर घेऊन बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे, ज्याबद्दल उद्या एखादी कृती करता येईल ते. "रिपोर्टमध्ये काय निघेल" हे उजवीकडे जातं, "सकाळी १० वाजता फोन करून वेळ घ्यायची" हे डावीकडे. सकाळी जी काळजी छातीवर बसली होती, ती संध्याकाळी वाचताना पुष्कळदा लिहिण्याइतकीही उरलेली नसते. फक्त ही बैठक झोपायच्या तोंडावर ठेवू नका, नाहीतर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

(दृश्य : फोनच्या पडद्यावर एक नाव. अंगठा वर येतो, थांबतो, मागे जातो.)

हा मागे गेलेला अंगठा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. फोन करायचा टाळला त्या क्षणी हायसं वाटतं. खरंच वाटतं. आणि त्या हायसं वाटण्यातून मेंदू एक धडा घेतो : फोन धोक्याचा होता, टाळला म्हणून वाचलो. पुढच्या वेळी अंगठा आणखी लवकर मागे येतो. मग मेसेजचंही दडपण येतं, मग ते नाव दिसलं तरी पोटात कालवतं. टाळाटाळीचे आणखी सभ्य अवतार आहेत. "होईल ना सगळं नीट?" असं घरच्यांना दहा वेळा विचारणं, दुखण्याची लक्षणं इंटरनेटवर रात्रभर शोधणं, पाठवलेला ईमेल पुन्हा पुन्हा उघडून वाचणं. दिलासा मिळतो, पण काही वेळच टिकतो.

म्हणून पायऱ्या मांडायच्या. काय बोलायचं त्याची दोन वाक्यं लिहून काढा. मग जिथे कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी साधी चौकशी करायला फोन करा. मग ओळखीच्या, मायाळू माणसाला. मग त्या नावाला. प्रत्येक पायरीवर धडधड होणार, ती थांबायची वाट बघायची नाही. धडधडत असतानाच फोन पूर्ण करायचा आणि काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, हे लिहून ठेवायचं. सोपी झाल्यावरच पुढची पायरी. मध्येच वाईट आठवडा येईल आणि दोन पायऱ्या खाली यावं लागेल, त्याने हातपाय गाळू नका. घरच्यांनी "मीच करतो तुझ्याऐवजी" म्हणू नये, शेजारी बसावं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. कॅफीनचा निम्मा अंश साधारण ५ तासांनीही शरीरात असतो, त्यामुळे दुपारनंतरची कॉफी आणि रात्रीची बेचैनी यांचा संबंध एकदा तपासून बघा. दारूने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि उतरताना अस्वस्थता दुप्पट होऊन येते. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस आहे, आणि चिंतेच्या माणसाला तिचा एक जास्तीचा फायदा होतो : हृदय जोरात चाललं तरी काही वाईट होत नाही, हे शरीराला कळतं.

एवढं करूनही भागत नसेल, तर त्यात तुमची कसूर नाही. २०१९ मध्ये जगभरात सुमारे ३० कोटी लोकांना उपचाराची गरज पडावी असा चिंतेचा आजार होता. काळजी महिनोन्‌महिने हटत नसेल, झोप, काम, नाती तिच्यापायी विस्कटत असतील, तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत असतील, तर आजच जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, तातडीने मदत घ्या. डॉक्टर थायरॉइड तपासायला सांगतील, कारण ती ग्रंथी जास्त काम करू लागली तरी अशीच धडधड आणि थरथर होते. विचार आणि वागणुकीवर काम करणारी उपचारपद्धती आहे, औषधं आहेत. नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात.

जाताना एक कागद सोबत न्या. त्रास कधीपासून आहे, झोप किती लागते, कुठली औषधं चालू आहेत, आणि गेल्या काही महिन्यांत काय काय करायचं सोडून दिलंय. ही शेवटची यादी लिहायला जड जाते, पण ती पूर्ण लिहा. उपचाराच्या पायऱ्या बहुतेक वेळा तिच्यातूनच निवडल्या जातात.