जुन्या इमारतीतला नवाकोरा वन बीएचके: रंगामागे काय बघाल?

नमस्कार! शंभर-दीडशे वर्षांची देखणी इमारत आणि आत नवाकोरा वन बीएचके. उंच छत, लांबलचक खिडक्या, आरशासारख्या सपाट भिंती. असा फ्लॅट बघायला गेलं की आपण फोटो काढत सुटतो. नवं काम दिसायला छान असतंच हो, त्यासाठीच तर ते केलेलं असतं. मला बघायचं असतं ते जुन्या इमारतीला मानवलंय का.

आधी भिंती बघू. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, इंग्लंडमधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिनचं. पण सिमेंट सर्रास वापरात यायला पुढे कित्येक दशकं गेली. तोवर विटा जोडायला चुना आणि गिलाव्यालाही चुना. चुन्याची भिंत ओल शोषते आणि पुन्हा हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की ही वाट बंद. ओल आतच अडकते, मग कुठेतरी लोणा लागतो, म्हणजे भिंतीवर पांढरे क्षार फुटतात, आणि पोपडे निघतात. म्हणून रिनोव्हेशननंतर पहिल्या पावसात भिंत कशी राहिली, ते जरूर विचारा. मला स्वतःला किंचित उंचसखल, चुन्याचा गिलावा राखलेली भिंत बघितली की हायसं वाटतं.

[स्क्रीनवर: भिंत आणि लाकडी तुळई यांचा छेद]

हे चित्र नीट बघा. जमीन लाकडी तुळयांवर असेल, तर तुळईचं टोक भिंतीत शिरलेलं असतं. भिंतीतली ओल सगळ्यात आधी तेच टोक खाते. आणि नेमकं तेच दिसत नाही, कारण खालून फॉल्स सीलिंग, वरून नवी फरशी. झाकली मूठ! अशा वेळी छतातला एखादा दिवा काढून आत टॉर्च मारू द्या, अशी विनंती करा. मालकानं टाळाटाळ केली, तर तेही उत्तरच समजा.

आता फरशीचं वजन. पाच सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो, वरच्या टाइल्स वेगळ्या. राहत्या घरात माणसं आणि सामान मिळून इंजिनियर चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो वजन धरतात. म्हणजे तुमचा सोफा यायच्या आधीच जुन्या तुळयांवर केवढा बोजा पडला, बघा. खोलीच्या मधोमध उभं राहून टाचा उचला आणि धप्पकन टेकवा. लाकडी जमीन थोडी हलणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कपाटातली काचेची भांडी किणकिणायला लागली, तर इंजिनियरला बोलवा.

ओपन किचन दिसलं की माझा एकच प्रश्न असतो: इथली भिंत कुठे गेली? जुन्या इमारतींमध्ये आतल्या भिंतीही बऱ्याचदा वरचं वजन पेलत असतात. भिंत काढली असेल, तर तिच्या जागी बीम हवा, बीमखाली भक्कम टेकू हवा आणि या सगळ्याचं इंजिनियरनं सही केलेलं ड्रॉइंग हवं. 'काँट्रॅक्टर अनुभवी होता' हे काही ड्रॉइंग नव्हे.

बाथरूममध्ये शिरताना पायरी चढावी लागते का? बहुतेकदा याचा अर्थ बाथरूम मूळ जागेवरून हललंय. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो. चाळीसाला एक असा उतार धरला, तर तीन मीटर लांबीला साडेसात सेंटिमीटर उंची जाते, आणि ती लपवायला पायरी. पायरीबद्दल माझी तक्रार नाही. जिथे पायरी नाही आणि सांडपाण्याचा उभा पाइपही बाथरूमपासून दूर आहे, तिथे मात्र मी सगळे नळ एकदम सोडून पाणी किती वेळात जातं ते बघतो.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो: फक्त स्विच नवे की आतल्या तारासुद्धा, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

काम चालू असतानाचे फोटो मागा, पूर्ण झाल्यानंतरचे नकोत. चांगलं काम करणाऱ्याकडे उघड्या भिंतींचे फोटो असतातच. आणि निघताना एक मजला वर जा. छत शेवटचं कधी दुरुस्त झालं, खर्च सगळ्यांत कसा वाटला, गळती कुठे होते, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. फ्लॅट विकणाऱ्यापेक्षा ते जास्त मोकळेपणानं बोलतात.