आधी रेष, मग रंग

दृश्य : पहाट, नागपूरचा मेडिकल चौक. वळण घेणारी अँब्युलन्स.

रात्री जेवून झोपलेला माणूस पहाटे उठतो तो वाकडं तोंड आणि लुळा डावा हात घेऊन. घरचे म्हणतात, लकवा मारला. पण कधी? अकराला की चारला? उपचार त्यावरही ठरतो. त्यात चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर. अशा वेळी घड्याळाऐवजी मेंदूतल्या रक्तप्रवाहाला विचारावं लागतं.

मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण तग धरतात. १० च्या आसपास लवकरच मरतात. धडपड असते ती तग धरलेला भाग वाचवण्यासाठी.

हा प्रवाह सर्वांत नेमका मोजते किरणोत्सारी ऑक्सिजन-१५ वापरणारी पेट (PET) स्कॅन तपासणी. पण या ऑक्सिजनचं अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटं. तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच हवं. आणीबाणीत कामाला येतं सीटी परफ्युजन, म्हणजे शिरेतून डाय (चित्रात उठून दिसणारं औषध) सोडून मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा सीटी स्कॅन.

दृश्य : उजव्या कोपराच्या लवणीत हिरवी, १८ नंबरची इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सुई-नळी).

४० ते ५० मिलिलिटर डाय, सेकंदाला ५ मिलिलिटर वेगानं, मागोमाग सलाईन. सुई मनगटाच्या बारीक शिरेत असली तर शीर फुटते, डाय कातडीखाली उतरतो, तपासणी वाया. मे महिन्यात उन्हानं सुकलेल्या रुग्णाची शीर सापडणं हेच अर्धं काम! डावा हात शक्यतो नको. त्या बाजूची मोठी शीर छातीत दबते आणि डाय मानेकडे उलटा जाऊ शकतो.

मग मिनिटभर त्याच भागाची चित्रं. सॉफ्टवेअर रंगीत नकाशा काढतं : प्रवाह निरोगी भागाच्या ३० टक्क्यांखाली तो मेलेला भाग, रक्त ६ सेकंदांहून उशिरा पोचतं तो धोक्यातला. २०१८ च्या डिफ्यूज-३ अभ्यासात रुग्ण शेवटचा ठीक दिसल्यापासून ६ ते १६ तासांत, मेंदूची धमनी अडवणारी गुठळी काढण्यासाठी मेलेला भाग ७० मिलिलिटरपेक्षा कमी आणि धोक्यातला एकूण भाग (मेलेला धरून) त्याच्या किमान १.८ पट असावा लागे.

दृश्य : पडद्यावर दोन रेषा, धमनीची आणि शिरेची.

रक्तवाहिनीत डाय कधी आणि किती आला ते या रेषा सांगतात; रंगांआधी त्या पाहायच्या. दोन्ही चढून परत खाली यायला हव्यात. हृदय अशक्त असेल तर डाय रेंगाळतो, शिरेची रेष उतरायच्या आत स्कॅन संपतो आणि हिशोब चुकतो; जिवंत मेंदू मेलेला दिसू शकतो. मानेची धमनी जुनीच अरुंद असेल तरी उशीर दिसतो, नवा झटका नसताना. मेंदूच्या देठातली छोटी इजा तर नकाशात सहज निसटते.

एमआरआयची डिफ्यूजन चित्रं (पेशींतल्या पाण्याच्या हालचालीवरून काढलेली) मेलेला भाग जास्त खात्रीनं दाखवतात. पण पेसमेकरची चौकशी, अंगावरचं धातू काढणं, चुळबुळणारा रुग्ण, यात वेळ जातो. एमआरआयच्याच एएसएल तंत्राला डाय लागतच नाही. मानेत रक्तालाच चुंबकीय खूण करतात आणि सुमारे २ सेकंदांनी चित्र घेतात. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा तपासणी पुन्हा करायची असेल तर हे उत्तम. मात्र आडवाटेनं येणारं रक्त तेवढ्या वेळात पोचत नाही, आणि प्रवाह असूनही तिथं काळं दिसतं.

सीटीवरची रेष बिघडली असेल, तर नकाशा बाजूला ठेवून साधा सीटी पुन्हा नीट वाचतात आणि अँजिओग्राफीत आडवाटेच्या रक्तवाहिन्या किती भरल्या आहेत ते पाहतात.