साल सांगणारी पिन

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या दागिन्यांच्या या गप्पांत आज सोनं नाही, मोती नाहीत. आज आहेत दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मन प्रवासी बोटींच्या आठवणीखातर घेतलेल्या पिना आणि ब्रोच. बोटाच्या पेराएवढा नग. चांदीवर रंगीत मिना, त्यात कंपनीचा बावटा आणि खाली बोटीचं नाव. आपल्या कोकणबोटीचाही असा एखादा बिल्ला निघायला हवा होता. बोट लागण्यापलीकडची काही आठवण राहिली असती.

असा नग हाती आला की उलटा करा. ८०० किंवा ८३५ आकडा दिसेल: हजारात तेवढे भाग चांदी. शेजारी चंद्रकोर आणि मुकुट असला, तर नग जर्मनीत घडलेला. पण हा ठसा १८८८पासून चालत आलेला, त्यावरून साल काय कळणार? साल सांगतं बोटीचं नाव. पुन्हा सांगतो, चांदी मागून ओळखा, साल पुढून.

'मोंटे सर्व्हांटेस' हेच नाव घ्या. ही गोष्ट सांगायला मला कुठलंही निमित्त पुरतं! हॅम्बुर्गच्या कंपनीची ही बोट १९२८ साली पाण्यात फिरू लागली. दक्षिण अमेरिकेला स्थलांतरितांना न्यायची आणि मधल्या काळात साध्यासुध्या माणसांना स्वस्तात सहली घडवायची. त्याच जुलैत सुमारे १५०० प्रवासी घेऊन ती उत्तरेला स्पिट्सबर्गेनकडे गेली. बर्फाचा तडाखा बसला, बुडाला भोक पडलं, पाणी शिरलं. मदतीची हाक ऐकली कुणी? 'क्रासिन' या सोव्हिएत बर्फफोड्या बोटीनं. उत्तर ध्रुवाकडे कोसळलेल्या 'इटालिया' हवाई जहाजातली माणसं वाचवून ती नुकतीच परतत होती, स्वतःच जखमी. तरी आली. पाणबुडे उतरले, भोक बुजवलं, बोट घरी गेली.

उत्तरेच्या बर्फातून सुटलेली ही बोट दीड वर्षानं पार दक्षिण टोकाला पोचली. जानेवारी १९३०, अर्जेंटिनातलं उशुआया. बंदरातून निघाली आणि दीपगृहाजवळच्या खडकावर चढली. हजाराहून जास्त प्रवासी होड्यांतून उतरवले, सगळे वाचले. पण जायचं कुठे? उशुआया म्हणजे तेव्हा तुरुंगाभोवती वसलेलं चिमुकलं गाव. गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त! घरांत, मिळेल त्या छपराखाली, तुरुंगाच्या आवारातसुद्धा सोय केली. हल्ली हॉटेलात गरम पाणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी आपण तक्रार लिहितो, असो. पुढे त्याच कंपनीची 'मोंटे सार्मिएंटो' येऊन सगळ्यांना घेऊन गेली. 'मोंटे सर्व्हांटेस' मात्र बुडाली, आणि तिचे कप्तान ड्रायर तिच्याबरोबरच गेले. १९५४ साली बोट वर काढली, ओढून नेताना वाटेत पुन्हा बुडाली. या बोटीला सरळ काही जमलंच नाही.

तेव्हा या नावाची अस्सल पिन १९२८ ते १९३० या दोन वर्षांतलीच. साल पुढून, लक्षात आहे ना?

वेळ संपत आली, एवढं सांगतो. चांदी उजळायला घरात चिंच आणि रांगोळी असतेच. मिन्याच्या नगाला दोन्ही लावू नका. आंबटानं मिन्याची चमक जाते, रांगोळीनं चरे पडतात. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ फडकं पिळून पुसा, आणि पिनेचा काटा लगेच कोरडा करा, गंजतो तो आधी. नमस्कार.