टप कापू नका, सुटा करा

(विलेपार्ले येथे जीपप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जुलैचा पाऊस, त्यात रविवारचा मेगाब्लॉक, तरी तुम्ही पार्ल्यापर्यंत आलात, म्हणजे विषयाची गोडी खरी आहे. पत्रिकेत विषय लिहिलाय 'जीपमधली झोपायची आणि स्वयंपाकाची मांडणी'. त्यावर बोलणारच आहे. पण आत काय मावेल हे टप ठरवतो, आणि टपाबद्दल मला बरंच बोलायचंय.

पॉप-टॉप, म्हणजे वर उचलला की खाली कापडाच्या भिंती उघडणारा टप, हे या खोलीत कुणाला सांगायला नको. फोक्सवॅगनच्या वेस्टफालिया कॅम्पर गाड्यांचे फोटो आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीचा डॉर्मोबिल टप लँड रोव्हरवर आला. एका कुशीवर उघडणारा, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा. ऑस्ट्रेलियात तर आजही लँड क्रूझर ७८चा पत्रा कापून त्यावर उचलता टप बसवतात. देखणी कामं आहेत ती. पण गाडीसमोर मोकळी जागा असलेल्या माणसांनी केलेली. आपल्याकडे गाडी स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे एकावर एक असलेल्या लोखंडी पाट्यांवर चढते, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

गोरेगावला आमचा एक मित्र राहतो. हौशी माणूस, जुनी कापडी हुडाची जीप. त्याने आधी टपावरचा तंबू घेतला. बंद तंबूसुद्धा फूटभर उंची खातो. रात्री गाडी सोसायटीत आली, तर वॉचमनकाका टेप घेऊन उभे. त्यांनी गाडी मोजली, पार्किंगची पाटी मोजली, पुन्हा गाडी मोजली आणि म्हणाले, "साहेब, तंबू इथे ठेवा, गाडी वर जाऊ दे." मग दर रविवारी रात्री चौघांनी मिळून पन्नास-साठ किलोंचा तंबू उतरवायचा. तिसऱ्या आठवड्यापासून उरलेले तिघे फोन उचलेनात. (हशा) मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये, सगळीकडे तेच. बेसमेंटच्या तोंडाशी साखळीला आडवा पाइप टांगलेला असतो, तो तुमच्या हौशीचं काही ऐकत नाही.

म्हणून त्याने पॉप-टॉप करून घेतला. मिटल्यावर जेमतेम चार-पाच इंच वाढणारा. गाडी पाटीवर बसली, वॉचमनकाका खूश. मग जुलैत आम्ही माळशेजला गेलो. रात्रभर धो धो पाऊस, कापड ओलंचिंब. सकाळी तसंच मिटलं, रविवारी रात्री गाडी वरच्या पाटीवर. तिथे टप उघडणार कसा? डोक्यावर स्लॅब. पुढच्या शनिवारी उघडला तेव्हा कापडावर काळे ठिपके आणि आत असा वास की माणूस बाहेरच उभा राहिला. बुरशीला ओल, ऊब आणि बंद जागा लागते; मुंबईचा पावसाळा या तिन्ही गोष्टी पुरवतो.

त्याच्या आईने ते पाहिलं आणि विचारलं, "एवढं कापड आहे, तर काढून घरी का आणत नाहीस? गॅलरीत वाळत घालू."

मंडळी, माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा त्या माउलीने एका वाक्यात सांगितला. कापड सुटं असलं पाहिजे. वरच्या कडेला कापडात दोरी शिवायची आणि ती ॲल्युमिनियमच्या खाचेतून सरकवायची. खालच्या कडेला जाड दातांची प्लॅस्टिकची चेन. धातूची चेन लावू नका, खाऱ्या हवेत ती गंजून अडकते. आणि कापड म्हणून ताडपत्री नको. पीव्हीसीचा थर दिलेली ताडपत्री बाहेरचं पाणी अडवते, तशी आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफही अडवते आणि पहाटे ती तुमच्या पांघरुणावर ठिबकते. सूत-पॉलिस्टरचं कॅनव्हास हवं. त्यातलं सूत भिजलं की फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात, म्हणून शिवणीलाही सुती वेष्टणाचा दोरा.

आता टप. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आत एक फॅब्रिकेटर आहेत. त्यांच्याकडे मी एक बंद बॉडीची गाडी घेऊन जाणाऱ्याबरोबर गेलो होतो. ग्राहक म्हणाला, टप कापा. चाचांनी ग्राइंडर उचललाच नाही. चारही दारं उघडून बंद केली, दाराच्या फटीत पट्टी घालून पाहिली, चौकटीचे कर्ण मोजून पत्र्यावर खडूने लिहिले आणि म्हणाले, "टप कापला आणि उद्या दारं लागली नाहीत, तर त्याचा जाब कोण देणार?" लाखमोलाचा प्रश्न आहे. चपलांच्या खोक्याचं झाकण काढा आणि खोकं पिळून बघा, तसं होतं. बंद बॉडीत टपाचा पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या पीळ अडवत असतात. त्या कापायच्या, तर आधी आतून तिरके पाइप टाकून चौकट धरून ठेवावी लागते आणि मग भोकाभोवती चौकोनी पाइपची अखंड रिंग खांबांना जोडावी लागते. मोनोकॉक गाडीत हे आणखी जोखमीचं, कारण तिथे खाली वेगळी चासी नसतेच.

आणि आपल्याकडे तर मूळचीच उघडी गाडी आहे! १९४९ मध्ये माझगावला विलीस जीप जोडायला सुरुवात झाली, तेव्हापासून हुडाच्या जीपचं बळ चासीत आहे, टपात नाही. हूड काढा, जीप तशीच धावते. सॉफ्ट-टॉप जिप्सीचंही तेच. मग पत्रा कशाला कापायचा? हुडाच्या जागी बोल्टने बसणारा फायबरचा टप करा, त्यात उचलतं झाकण करा, हवं तेव्हा उतरवा. फक्त स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर विसरू नका. समुद्राच्या हवेत दोन धातू चिकटून राहिले की ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतो.

बिजागरी पुढे ठेवा, म्हणजे धावत्या गाडीत कडी सुटली तरी वाऱ्याने झाकण उलथून जाणार नाही. आणि डिकीला असतात तसे गॅसचे शॉकर जरा जोरदार घ्या. आत दाबलेला वायू असतो, थंडीत त्याचा दाब पडतो, दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के. मुंबईत पस्तीस अंशांत बरोबर वाटलेला शॉकर स्पितीत शून्याला दहा-बारा टक्के कमी जोर लावतो, आणि झाकण हळूहळू तुमच्या अंगावर येतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. मांडणी राहिलीच, भराभर सांगतो.

आतलंही सगळं सुटं. मरीन प्लायचे दोन खोके, चासीला जाणाऱ्या बोल्टवर बसणारे. सोमवारी ऑफिसला जाताना काढून ठेवा. जड वस्तू खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे: पाणी, बॅटरी. वर फक्त गादी. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, सुमारे बाराशे ऐंशी वॉट-अवर मिळतात, लहान कॉम्प्रेसर फ्रिज दीड दिवस तरी चालतो. पण तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करू नका, आतून खराब होते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

शेगडी मागच्या दाराबाहेर उघडणाऱ्या फळीवर. कापड मिटलेलं असताना आत शेगडी नाही, कोळसा तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. अलार्म लावा.

कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. बेकायदा फेरफाराला कलम १८२अ खाली दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे कापलेला टप म्हणजे सरळ संकट, आणि बोल्टचा टपही आरटीओला आधी लेखी विचारूनच. कारखान्यातून कॅराव्हॅन म्हणून मंजूर होणाऱ्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन धोरणही आहे. पण घरच्या एका जीपला परवडेल अशी सोपी मंजुरी अजून नाही. ती मिळायला हवी, आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून परिवहन खात्याला निवेदन द्यावं असं मला मनापासून वाटतं. मसुदा मी आणलाय, दारापाशी टेबलावर आहे. सही करण्याआधी नीट वाचा, सुचेल ते समासात लिहा. आता प्रश्न घेऊ.